घरी कॉकपिट बांधताना: प्लाय कापण्याआधी डोळ्याची जागा ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकला फ्लॅटमध्ये दहा बाय दहाची एक खोली मोकळी आहे, गेमिंगसाठी घेतलेला बऱ्यापैकी पीसी आहे, एक साधी जॉयस्टिक आहे, हाताशी साधारण पन्नास हजार रुपये आहेत आणि संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी, म्हणजे विमान उडवायच्या खेळासाठी, घरी कॉकपिट बांधायचं म्हणताना मनात बोइंग ७३७ आहे. सोल्डरिंग थोडंफार येतं, सुतारकाम येत नाही. सुरुवात कशापासून करायची?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. विमान म्हणून सेस्ना १७२ हे एका इंजिनाचं छोटं विमान घ्या. आणि सुताराकडे जाण्याआधी, एकही स्विच विकत घेण्याआधी, खुर्चीत बसल्यावर तुमचा डोळा नेमका कुठे येतो ते ठरवा. पॅनेलची उंची, पडद्याचं अंतर, पायाखालची रडर पेडल (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारी) कुठे, योक (विमानाचं स्टिअरिंगसारखं हँडल) कुठे, हे सगळं त्या एका बिंदूपासून मोजायचं असतं. अर्धवट सोडून दिलेली जी कॉकपिटं मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांत हा क्रम उलटा होता. आधी पॅनेल सुंदर बनलं, मग त्याच्यापुढे माणूस कसाबसा बसवला.

७३७ नको म्हणतो त्याची कारणं सांगतो. त्या विमानाचं निम्मं काम डोक्यावरच्या ओव्हरहेड पॅनेलवर चालतं. इंधन, वीज, हायड्रॉलिक, केबिनमधला हवेचा दाब, बर्फरोधक यंत्रणा असे गटच्या गट तिथे आहेत आणि प्रत्येक गटात स्विच, दिवे आणि काटे. ते पुरं होईपर्यंत उत्साह आणि पैसे दोन्ही संपतात. त्याहून मोठी अडचण यांत्रिक आहे. ७३७ मध्ये इंजिनाची शक्ती आपोआप सांभाळणारं ऑटोथ्रॉटल चालू असताना थ्रॉटलच्या दांड्या आपोआप पुढेमागे सरकतात, विमानाचं नाक ठरल्या जागी धरून ठेवणारं ट्रिमचं चाक स्वतःहून गरागरा फिरतं, धावपट्टीवर टेकल्यावर वेग मारणाऱ्या स्पीडब्रेकची दांडी आपसूक मागे येते. हे खरं करायचं तर मोटर, क्लच आणि त्यांना चालवणारी सर्किटं आली. पहिल्याच कामात यात पडू नये. प्रवासी विमानच हवं असा तुमचा हट्ट असेल, तर ७३७ पेक्षा एअरबस ए३२० सोपं जाईल. तिथे थ्रस्टच्या दांड्या क्लाइंबच्या खाचेत बसवल्या की तिथेच राहतात. इंजिनाची शक्ती संगणक कमीजास्त करतो, दांडी हलत नाही. योकऐवजी बाजूला साइडस्टिक असते, म्हणजे तुमच्याकडची जॉयस्टिक डाव्या हाताला बसवूनही काम सुरू होतं. ट्रिमचं चाक ए३२० मध्येही आपोआप फिरतं, पण त्याच्याकडे पायलटचा हात क्वचितच जातो.

सेस्ना १७२ मध्ये मात्र जे आहे ते सगळं तुमच्या हातांनी चालतं. एक थ्रॉटल, इंधन आणि हवेचं प्रमाण ठरवणारं एक मिक्श्चर, पंखाच्या मागच्या कडा खाली करणारी फ्लॅपची दांडी, ट्रिमचं चाक, इंधनाचा सिलेक्टर, चावी, लाल रंगाचा दोन भागांचा मास्टर स्विच आणि खाली डावीकडे दिव्यांच्या रॉकर स्विचची एक रांग. बनवायला हे आटोक्यातलं आहे. विमानाची यंत्रणाही इतकी साधी आहे की तुम्ही बसवलेला प्रत्येक स्विच सिम्युलेटरमध्ये खरंच काहीतरी करतो. हे विमान जवळजवळ प्रत्येक सिम्युलेटरमध्ये मिळतं, त्याचं पायलट हँडबुक सहज सापडतं आणि आपल्याकडच्या फ्लाइंग स्कूलमध्ये आजही मुलं त्याच्यावर शिकतात.

आता डोळ्याकडे येऊ. खऱ्या विमानातही ही गोष्ट नशिबावर सोडलेली नसते. ए३२० च्या समोरच्या काचेमधल्या मधल्या खांबावर तीन छोटे गोळे असतात, दोन लाल आणि एक पांढरा. पायलट सीट वरखाली, पुढेमागे करत राहतो आणि लाल गोळ्याआड पांढरा गोळा झाकला गेला की थांबतो. मग त्याचा डोळा तिथेच असतो जिथे विमान बनवणाऱ्यांनी तो धरला होता. त्या जागेवरून नाकावरून पुढे किती दिसायला हवं आणि पॅनेलवरचं काय दिसायला हवं, दोन्ही जमतं.

घरी हे असं करा. जी खुर्ची वापरणार ती आधी पक्की करा. पाय पुढे पेडलवर ठेवल्यासारखे करून, पाठ टेकून, रोज बसाल तसे बसा. घरातल्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवर तुमच्या डोळ्याच्या उंचीची पेन्सिलने खूण करायला सांगा. जमिनीपासून ती उंची मोजा. आता एक नियम: सरळ समतल उड्डाणात लांबचं क्षितिज नेहमी डोळ्याच्या उंचीवर दिसतं. म्हणजे सिम्युलेटरमध्ये विमान समतल असताना पडद्यावरची क्षितिजाची रेघ तुमच्या भिंतीवरच्या खुणेच्या उंचीलाच यायला हवी. टीव्ही टेबलावर ठेवला म्हणून क्षितिज छातीसमोर येत असेल, तर तुम्ही कायम वरून खाली बघत उडवाल आणि नाक किती वर आहे याचा अंदाज चुकतच राहील. पडदा वर घ्या किंवा खुर्ची खाली घ्या. यातलं काय सोपं आहे ते प्लाय कापण्याआधी कळलेलं बरं.

दुसरं माप म्हणजे डोळा ते पडदा अंतर, कारण त्यावर दृश्याचा कोन, म्हणजे पडदा डोळ्यासमोर किती अंशांत पसरतो ते, ठरतं. हिशेब सोपा आहे. पडद्याच्या रुंदीच्या निम्म्याला अंतराने भागा, त्याचा आर्कटॅन काढा, दुप्पट करा. ३२ इंची टीव्हीची रुंदी जवळपास ७१ सेंटिमीटर असते. तो ६० सेंटिमीटरवर ठेवला तर ६१ अंश मिळतात. ८० सेंटिमीटरवर नेला की ४८ अंशांच्या आसपास येतात. ४३ इंची टीव्ही ८० सेंटिमीटरवर पुन्हा ६१-६२ अंश देतो. एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये हा आडवा कोन अंशांतच भरता येतो. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये कॅमेऱ्याचा झूम कमीजास्त करून जुळवावं लागतं. जास्त दिसावं म्हणून लोक ६१ अंशांच्या पडद्यावर ९० अंशांचं दृश्य कोंबतात. त्याने धावपट्टी आहे त्यापेक्षा लहान आणि दूर दिसते, आणि जमिनीच्या जवळ आल्यावर नाक कधी उचलायचं हा अंदाज बसतच नाही. लँडिंग नीट का होत नाही म्हणून जे विचारतात त्यांना मी आधी हाच आकडा विचारतो.

पण ६१ अंश म्हणजे दोन्ही बाजूंना तीसतीसच. विमानतळाभोवतीच्या चकरीत, म्हणजे सर्किटमध्ये, धावपट्टीचं टोक खांद्यामागे ४५ अंशांवर गेलं की बेस लेगला, म्हणजे उतरण्याआधीच्या आडव्या टप्प्याला, वळायचं असतं. ते समोरच्या पडद्यावर कधीच दिसणार नाही. सुरुवातीला जॉयस्टिकवरच्या हॅट स्विचने, म्हणजे चारी दिशांना हलणाऱ्या छोट्या बटणाने, मान वळवा, किंवा साधा वेबकॅम आणि ओपनट्रॅक हे मोफत सॉफ्टवेअर वापरून डोक्याच्या हालचालीवर दृश्य फिरवा. पुढे पैसे झाले तर दुसरा पडदा घ्या, आणि तो डावीकडे लावा. तुम्ही डाव्या सीटवर बसणार, सर्किट बहुतेक डावीकडून असतं. उजवीकडचा पडदा वर्षभर थांबला तरी चालतो.

आता बैठक. चाकांच्या ऑफिसच्या खुर्चीवर रडर पेडल कधीच नीट चालत नाहीत. पेडल दाबलं की खुर्ची मागे सरकते किंवा पेडलच पुढे पळतं. उपाय असा की सीट आणि पेडल एकाच तळफळीला बोल्ट करायचे. भंगारातून छोट्या गाडीची ड्रायव्हरसीट रुळांसकट आणा. रूळ महत्त्वाचे, कारण त्यांच्यामुळे पुढेमागे करता येतं आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही बसता येतं. १८ मिमी प्लायची चार फूट बाय अडीच फुटांची फळी पुरते. खाली ब्रेक असलेली चाकं लावा, म्हणजे पाहुणे आले की सगळं भिंतीशी ढकलता येईल. मुंबईला येणंजाणं असेल तर कुर्ल्याला जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार आहे, तिथे सीट निवडून घेता येते.

तळफळी आणि पॅनेलच्या चौकटीसाठी प्लायच वापरा. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) स्वस्त पडतं, सफाईदार कापलं जातं, पण पावसाळ्यात ओल धरून त्याच्या कडा फुगतात आणि स्क्रू ढिले पडतात. नाशिकचा पाऊस त्याला पुरेसा आहे. कोकणात किंवा मुंबईत तर विषयच नको. एमडीएफ वापरायचंच असेल तर आतल्या, वजन न घेणाऱ्या भागांना वापरा आणि कापलेल्या प्रत्येक कडेला प्रायमरचे दोन हात द्या. सुतारकाम येत नाही म्हणता, तर कागदावर मापांसकट आराखडा काढून सुताराकडून फक्त काटकोनात कापून घ्या. जोडणी एल-अँगल आणि बोल्टने घरी करा. फेविकॉलने काहीही कायमचं चिकटवू नका, कारण पहिल्या वर्षात प्रत्येक गोष्ट एकदा तरी हलणार आहे.

पैसे कुठे घालावे? जिथे हातापायाचा जोर लागतो तिथे. पेडल आणि योक चांगले घ्या, स्विच आणि पॅनेल स्वतः बनवा. योकला पुढेमागे सरकणं आणि फिरणं अशा दोन हालचाली एकाच दांड्यावर हव्या असतात आणि दोन्ही अडकल्याशिवाय व्हायला हव्या. ते घरी जमवायला लेथ आणि लिनिअर बेअरिंग लागतात. तयार योकपैकी लॉजिटेकचा स्वस्तातला आणि हनीकोंबचा त्याच्या वरचा, हे दोन्ही पुष्कळजण वापरतात. सुरुवातीला जुना घ्यायलाही हरकत नाही, फक्त मधल्या जागी तो किती ढिला आहे ते हातात धरून बघा. पेडल मात्र जवळ फॅब्रिकेशनवाला ओळखीचा असेल तर घरी होऊ शकतात: ६०८ नंबरची बेअरिंग, लोखंडी पट्ट्या, दोन स्प्रिंग आणि सेन्सर म्हणून लिनिअर हॉल सेन्सर (चुंबक किती जवळ आहे ते ओळखणारा). पायाखालच्या धुळीत साधा पॉट (पोटेन्शिओमीटर, हलवला की रोध बदलणारा भाग) लवकर खरखरायला लागतो. हॉल सेन्सर आणि चुंबक एकमेकांना शिवतच नाहीत, त्यामुळे झिजत नाहीत.

स्वतः बनवायचा पहिला भाग म्हणून थ्रॉटल आणि मिक्श्चर घ्या. १७२ मध्ये हे दोन्ही पॅनेलमधून बाहेर येणारे, ढकलायचे-ओढायचे दांडे आहेत: काळ्या मुठीचा थ्रॉटल, त्याच्या उजवीकडे लाल मुठीचा मिक्श्चर. आत ढकललं की पूर्ण शक्ती आणि पूर्ण इंधन. जुन्या १७२ मध्ये कार्ब्युरेटर हीटचा आणखी एक दांडा असतो. १७२एस मध्ये फ्युएल इंजेक्शन असल्यामुळे तो नाही.

लागतं ते असं: १०० मिमी सरकणारे दोन स्लाइड पॉट, १० किलोओहमचे, आणि त्यांच्यावर बी हे अक्षर असलेले. बी म्हणजे लिनिअर, जितकं सरकेल तितकंच मूल्य बदलतं. ए लिहिलेले ध्वनियंत्रणेसाठी असतात. ते घेतले तर अर्ध्या थ्रॉटलला इंजिन भलतंच काही दाखवेल. ८ मिमी ॲल्युमिनियमचा दांडा पॅनेलमधल्या पितळी किंवा नायलॉनच्या बुशमधून आत जातो आणि मागे पॉटच्या जिभेला एका छोट्या पट्टीने जोडला जातो. ही पट्टी किंचित सैल हवी. दांडा आणि पॉट शंभर टक्के समांतर कधीच नसतात, आणि पट्टी कडक असेल तर पॉटची जीभ महिनाभरात मोडते. बुशच्या मागे दांड्यावर एक रबरी ओ-रिंग चढवली की हाताला तो हवाहवासा अडकाव येतो. हात काढला तरी दांडा जागचा हलत नाही.

वायरिंग तीन तारांचं. पॉटच्या दोन टोकांपैकी एक ५ व्होल्टला, दुसरं ग्राउंडला, मधलं अर्डुइनो या छोट्या कंट्रोलर कार्डाच्या ॲनालॉग पिनला. मधल्या तारेपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा, म्हणजे आकडा थरथरणार नाही. अर्डुइनो मेगावर ० ते १०२३ असे आकडे दिसायला हवेत. दांडा पूर्ण आत असताना १०२३ ऐवजी ९९० दिसलं तर काही बिघडलेलं नाही, कॅलिब्रेशनमध्ये तीच टोकं धरा. आत-बाहेर उलटं झालं तर टोकाच्या दोन तारांची अदलाबदल करा. हे जमलं त्याच रात्री पॅनेल उभं नसतानाही ते टेबलाला क्लॅम्पने लावून एक सर्किट उडवा. पहिल्यांदा हाताने थ्रॉटल मागे ओढून आवाज उतरताना ऐकला की पुढची सगळी मेहनत कशासाठी आहे ते कळतं.

कार्डाबद्दल. अर्डुइनो मेगा २५६० वर ५४ डिजिटल आणि १६ ॲनालॉग पिना आहेत. १७२ चं संपूर्ण पॅनेल त्यात बसतं. त्याच्यासोबत मोबिफ्लाइट हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. त्यात एक ओळही कोड न लिहिता कुठल्या पिनवर कोणता स्विच आणि तो सिम्युलेटरमध्ये काय करतो हे निवडता येतं. पेडल आणि थ्रॉटल यांना वेगळं, जॉयस्टिक म्हणून ओळखलं जाणारं कार्ड हवं असेल तर प्रो मायक्रो घ्या. लिओ बोडनारची कार्डं उत्तम आहेत, १२ बिटची, पण ती ब्रिटनहून येतात आणि वर कस्टम्स लागतं. सुरुवातीला त्यांची गरज नाही.

स्विच जोडताना एक गोष्ट जवळजवळ प्रत्येकाला छळते. मास्टर बॅटरीच्या स्विचला सिम्युलेटरमधली टॉगलची आज्ञा दिली की ती फक्त स्थिती उलटी करते. सिम्युलेटर सुरू होताना बॅटरी आधीच चालू असेल आणि तुमचा स्विच बंदवर असेल, तर इथून पुढे तुम्ही चालू केलं की तिकडे बंद होईल. म्हणून प्रत्येक स्विचला दोन वेगळ्या आज्ञा द्या: वर केला की चालू, खाली केला की बंद. मोबिफ्लाइटच्या हबहॉप या संग्रहात अशा आज्ञा विमानानुसार तयार मिळतात. शिवाय नेहमी थंड, बंद विमानापासून सुरुवात करा आणि त्याआधी सगळे स्विच बंद आहेत ना ते हाताने तपासा. खऱ्या चेकलिस्टची पहिली पानंही हेच सांगतात.

रेडिओ, अल्टिमीटरचा (उंचीमापकाचा) दाब, हेडिंग (दिशा) यांसाठी रोटरी एन्कोडर, म्हणजे टिकटिक करत कितीही फिरणाऱ्या घुंड्या, लागतात. ईसी११ जातीचे सहज मिळतात. काही एन्कोडर एका टिकेत पूर्ण चक्र देतात, काही अर्धं. सॉफ्टवेअरमध्ये प्रकार चुकीचा निवडला तर दोन टिका फिरवल्यावर एकच आकडा सरकतो किंवा एका टिकेत दोन. एन्कोडर खराब आहे असं समजून फेकून देण्याआधी तो प्रकार बदलून बघा. तुम्हाला पुढे मॅट्रिक्स पद्धतीने (आडव्या-उभ्या रांगांच्या जाळीत) पुष्कळ बटणं थोड्या पिनांवर जोडायची असतील, तर प्रत्येक बटणाला एक १एन४१४८ डायोड लावा. नाहीतर तीन बटणं एकदम दाबल्यावर न दाबलेलं चौथंही दाबलेलं दिसतं.

विजेबाबत मी कडक आहे. पॅनेलच्या आत २३० व्होल्ट न्यायचेच नाहीत. बाहेर चांगल्या कंपनीचा ५ किंवा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर, आत फक्त कमी दाबाची वीज आणि मध्ये फ्यूज. जुन्या यूएसबी २ च्या एका पोर्टमधून ५०० मिलिअँपियर मिळतात. त्यात अर्डुइनो आरामात चालतो, पण पॅनेलमागच्या एलईडीच्या माळा त्यावर टाकू नका. त्यांना वेगळा पुरवठा द्या आणि ग्राउंड एकत्र जोडा. सगळी कार्डं स्वतःचा ॲडॉप्टर असलेल्या यूएसबी हबवर घ्या. विंडोजच्या पॉवर सेटिंगमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. नाहीतर अर्ध्या उड्डाणात एखादं कार्ड झोपी जातं आणि तुम्ही वायरिंग उचकत बसता. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर नंबर लिहा आणि तोच नंबर वहीत लिहा. सहा महिन्यांनी ती वहीच कामाला येते.

काट्यांची घड्याळं, म्हणजे वेग, उंची वगैरे दाखवणारी मापकं, खरी बनवायचा मोह आवरा. मोटारगाड्यांच्या डॅशबोर्डमधल्या छोट्या स्टेपर मोटरने ती बनतात आणि छान चालतात, पण ते वर्षभराचं स्वतंत्र काम आहे. त्याऐवजी जुना २१.५ इंची मॉनिटर पॅनेलमागे लावा. विमानातल्या प्रमाणित घड्याळाचं भोक सव्वातीन इंचाला जरा कमी, म्हणजे ३ पूर्णांक १/८ इंच, साधारण ७९ मिमी असतं. वेग, कृत्रिम क्षितिज, उंची वर. वळण दाखवणारा टर्न कोऑर्डिनेटर, हेडिंग, चढ-उताराचा वेग खाली. तीन घड्याळं शेजारीशेजारी मध्ये फट ठेवून २७-२८ सेंटिमीटरमध्ये बसतात, दोन रांगा १८ सेंटिमीटरमध्ये. मॉनिटर ४७ बाय २६ सेंटिमीटरहून किंचित मोठा आहे. म्हणजे सहाही घड्याळं खऱ्या आकारात येतात आणि उजवीकडे रेडिओलाही जागा उरते. समोर गोल भोकं पाडलेली काळी फळी लावली की मागे मॉनिटर आहे हे विसरायला होतं.

यासाठी सॉफ्टवेअर निवडताना हे लक्षात घ्या. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये जी१००० सारखे डिजिटल पडदे उजवा ऑल्ट दाबून क्लिक केलं की वेगळ्या खिडकीत येतात, पण काट्यांची घड्याळं तशी येत नाहीत. त्यांना एअर मॅनेजरसारखं पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर लागतं. सह्याद्रीचे कडे आणि पावसाळी ढग बघायचे असतील तर मायक्रोसॉफ्टला तोड नाही. पण कॉकपिट बांधणाऱ्याला मी एक्स-प्लेन सुचवतो. त्यात आतल्या जवळजवळ प्रत्येक मूल्याला डेटारेफ नावाचा पत्ता आहे, ज्यावरून ते बाहेरून वाचता येतं, कोन अंशांत भरता येतो, अनेक पडदे सरळ जोडता येतात आणि काट्यांचं १७२ सोबतच येतं. पैसे घालण्याआधी त्याची मोफत चाचणी आवृत्ती चालवून बघा. फ्लाइटगिअर तर पूर्ण मोफत आहे आणि त्याचं मूळ विमान १७२पी हेच आहे.

पॅनेलवरची अक्षरं हाताने लिहू नका, सगळ्या कामाची शोभा जाते. ३ मिमी जाडीची दुधी पांढरी ॲक्रिलिक शीट घ्या, तिच्यावर मॅट काळ्या स्प्रेचे दोन-तीन हात द्या आणि लेझरवाल्याकडून अक्षरं कोरून घ्या. काळा थर तेवढाच उडतो, खालचं दुधी ॲक्रिलिक उघडं पडतं, आणि मागे एलईडी लावला की अंधारात अक्षरं उजळतात. भोकं कापायला देण्याआधी हातातला स्विच व्हर्नियरने मोजा: छोट्या टॉगलला ६ मिमी, मोठ्याला १२ मिमी, छोट्या रॉकरला साधारण १३ बाय १९ मिमी, पण प्रत्येक कंपनीचं थोडं वेगळं असतं. आधी तोच आराखडा पुठ्ठ्यावर छापून पॅनेलच्या जागी लावा आणि त्याच्यासमोर आठवडाभर उडवा. हात कुठे अडतो ते पुठ्ठ्यावरच कळतं. लेझरला पीव्हीसी शीट मात्र देऊ नका. ती जळताना क्लोरीनयुक्त विषारी वायू सुटतो आणि मशीनही खराब होतं. स्विच शक्यतो हातात घेऊनच विकत घ्या. पुण्याला आलात तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ आणि तपकीर गल्लीत, मुंबईला लॅमिंग्टन रोडवर दुकानदार समोर पाचसहा प्रकार ठेवतो. खटका कसा बसतो हे ऑनलाइन फोटोवरून कळत नाही.

एक गोष्ट बोलता बोलता सांगतो, कारण ती मला फार धीर देते. एडविन लिंकने १९२९ मध्ये अमेरिकेत पहिला चालू सिम्युलेटर बनवला तो वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातल्या भात्यांवर. पुढे त्यातून जो लिंक ट्रेनर वापरात आला, त्याचं झाकण लावलं की बाहेरचं काहीच दिसत नसे. समोर फक्त घड्याळं, हातात स्टिक, पायात रडर. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाने सहा घेतले आणि त्यानंतर हजारो पायलट ढगात विमान चालवायला त्याच्यावर शिकले. तेव्हा मोठा पडदा नाही म्हणून थांबून राहू नका. हात, पाय आणि सहा घड्याळं जागेवर असली की खरं उडणं सुरू होतं.

बांधकाम चालू असताना दर आठवड्याला उडत राहा. पुणे ते बारामती घ्या: हवेतून सुमारे ८० किलोमीटर, ११० नॉटने अर्ध्या तासाच्या आत, खाली नीरा आणि कऱ्हा ओळखत जायचं. बारामतीला खरं फ्लाइंग स्कूल आहे, तिथे पाच-सहा सर्किट मारा आणि परत या. आपल्या विमानतळांचे अधिकृत नकाशे विमानतळ प्राधिकरणाच्या ई-एआयपी या ऑनलाइन माहितीपुस्तिकेत मोफत मिळतात, ते छापून मांडीवर ठेवा. हात बसला की व्हॅटसिम किंवा आयव्हीएओ या ऑनलाइन नेटवर्कवर जा. तिथे दुसरीकडे बसलेला माणूस कंट्रोलर म्हणून तुमच्याशी बोलतो, आणि रेडिओची घुंडी फिरवताना नजर बाहेर ठेवायची सवय तिथेच लागते. घरच्या कॉकपिटवरचे तास डीजीसीए या सरकारी विमान नियामकाच्या पायलट परवान्यासाठी धरले जात नाहीत, हे आधीच लक्षात घ्या. पण चेकलिस्ट, रेडिओवरची भाषा आणि घड्याळांवरून नजर फिरवायची शिस्त इथे पक्की झाली, तर फ्लाइंग स्कूलमधल्या महागड्या तासांत ती शिकण्यात वेळ जात नाही.

क्रम विचारला होता तो असा धरा: खुर्ची आणि पडद्याची जागा, मग पेडल, मग थ्रॉटल-मिक्श्चर, मग योक, आणि त्यानंतरच मॉनिटरचं पॅनेल आणि स्विच. ट्रिमचं चाक स्विचच्या आधी जमवलंत तर उत्तम, कारण १७२ मध्ये हात सारखा तिथेच जातो. पन्नास हजारांतला मोठा वाटा पेडल आणि योकलाच जाईल आणि तो जाऊ द्या.

या आठवड्यात काही विकत घेऊ नका. खुर्चीत बसून डोळ्याची जमिनीपासूनची उंची, डोळा ते पडदा अंतर, पडद्याची रुंदी आणि मांडीच्या वर टेबलाची फळी किती उंचीवर येते, हे चार आकडे मोजून कळवा. त्यावरून पॅनेल किती उंचीवर आणि किती कलतं ठेवायचं ते मी मापांसकट काढून देईन, आणि मग सुताराकडे जा.